जनुकाचा रिपोर्ट म्हणजे आईचा दोष नव्हे

रक्ताच्या कॅन्सरमधल्या तपासण्या समजून घेऊया



या वेळचा आरोग्याचा विषय जरा अवघड आहे. पण घाबरू नका. गटाच्या नोंदवह्या लिहिणाऱ्या बाईला समजणार नाही असं यात काहीच नाही. बैठकीत एकीने मोठ्याने वाचा, बाकीच्यांनी ऐका, आणि मध्ये थांबून बोला.

विषय निवडण्यामागे दोन प्रश्न आहेत. गावात कुणाच्या मुलाला किंवा घरातल्या माणसाला रक्ताचा कॅन्सर निघाला की ते हमखास कानावर येतात. पहिला प्रश्न: "कॅन्सर आहे हे कळलं ना, मग परत परत तपासण्या कशाला? दवाखाना पैसे काढतोय का?" दुसरा प्रश्न हळू आवाजात विचारतात, पण तो जास्त लागतो: "रिपोर्टमध्ये जीन बिघडलाय असं लिहिलंय म्हणे. म्हणजे आईकडूनच आलं ना?"

पहिल्या प्रश्नाचं चुकीचं उत्तर मिळालं तर उपचार चुकतात. दुसऱ्याचं मिळालं तर एका बाईचं घरात जगणं अवघड होतं. म्हणून दोन्हींची उत्तरं नीट बघूया.

आधी आजार समजून घेऊ

आपलं रक्त तयार होतं हाडांच्या आतल्या मगजात. डॉक्टर त्याला बोन मॅरो म्हणतात. तिथे रोज अब्जावधी पेशी तयार होतात. लाल पेशी अंगाला ताकद देतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात आणि प्लेटलेट रक्त थांबवतात.

अक्यूट ल्युकेमिया म्हणजे वेगाने वाढणारा रक्ताचा कॅन्सर. यात मगजातल्या कोवळ्या, अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशी मोठ्या होतच नाहीत, नुसत्या संख्येने वाढत जातात. शेतात तण माजलं की पिकाला जागा उरत नाही, तसं होतं. लाल पेशी कमी पडल्या की माणूस पांढराफटक पडतो. चांगल्या पांढऱ्या पेशी कमी पडल्या की ताप हटत नाही. प्लेटलेट कमी पडल्या की हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं, अंगावर काळे-निळे डाग उठतात. हे सगळं काही आठवड्यांतच होतं.

याचे दोन मुख्य प्रकार आहेत. लिम्फोब्लास्टिक, ज्याला डॉक्टर एएलएल म्हणतात, आणि मायलॉइड, म्हणजे एएमएल. लहान मुलांमध्ये एएलएल जास्त दिसतो, मोठ्यांमध्ये एएमएल. एक गोष्ट आत्ताच मनात पक्की करा. एएलएल झालेल्या मुलांनी चांगल्या केंद्रात पूर्ण उपचार घेतले, तर त्यातली बहुतेक बरी होतात. "कॅन्सर म्हणजे संपलं" हे खरं नाही.

४६ वह्या आणि चुकीची शिलाई

आता जनुकाकडे येऊ. आपल्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. २३ आईकडून, २३ वडिलांकडून. समजा, या ४६ नोंदवह्या आहेत. त्यांत लिहिलेल्या एकेका सूचनेला जनुक किंवा जीन म्हणायचं. "आता वाढ", "आता थांब", "आता मोठी हो", अशा त्या सूचना. एका पेशीच्या दोन पेशी होताना या सगळ्या वह्यांची नक्कल करावी लागते.

नक्कल करताना कधीतरी दोन वह्या फाटतात आणि शिवताना पानं उलटसुलट जोडली जातात. एका वहीत लिहिलंय, "कर्ज द्यावे, बैठकीत ठराव झाल्यावर." दुसऱ्या वहीत लिहिलंय, "दर आठवड्याला न चुकता बचत घ्यावी." फाटून जोडलं गेलं आणि वाक्य झालं, "दर आठवड्याला न चुकता कर्ज द्यावे." असा गट किती दिवस टिकेल?

पेशीत हेच होतं. दोन जनुकांचे अर्धे अर्धे तुकडे जोडले जातात आणि एक नवीन, चुकीची सूचना तयार होते: "वाढत राहा, थांबू नको." याला जनुकांची फेरजोडणी म्हणतात. रिपोर्टमध्ये 'ट्रान्सलोकेशन', 'फ्यूजन' किंवा 'रीअरेंजमेंट' असे शब्द दिसले तर ते याबद्दलच असतात.

हे उलगडण्यात एका बाईचा मोठा वाटा आहे. १९६० मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. ते आखूड का, हे कळत नव्हतं. शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली चार मुलांची आई होत्या आणि मुलं लहान असताना अर्धवेळ काम करायच्या. गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून त्या घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडून बसायच्या. १९७३ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की ९ नंबरच्या आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांनी आपली टोकं अदलाबदल केली आहेत. त्याच चुकीच्या जोडणीवर नेम धरून पुढे इमॅटिनिब नावाची गोळी तयार झाली. २००१ पासून ती वापरात आहे आणि आज भारतातही बनते.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर

ही चुकीची शिलाई आईच्या बीजात झालेली नसते, वडिलांच्याही नाही. ती रुग्णाच्या स्वतःच्या मगजातल्या एका पेशीत, जन्म ठरल्यानंतर केव्हातरी होते. त्या एका पेशीपासून पुढच्या सगळ्या बिघडलेल्या पेशी तयार होतात. शरीरातल्या बाकीच्या पेशींमधल्या वह्या ठीक असतात.

म्हणून रिपोर्टमध्ये 'जीन' शब्द आला की लगेच 'आनुवंशिक' असा अर्थ काढू नका. वर्षाच्या आतल्या तान्ह्या बाळाला एएलएल झाला, तर फेरजोडणी बहुतेक वेळा बाळ पोटात असतानाच झालेली असते. पण तीसुद्धा बाळाच्या रक्ताच्या पेशीत झालेली असते. आईने ग्रहणात विळी धरली, डोहाळे पुरवले नाहीत, शेवटपर्यंत शेतात काम केलं, यातल्या कशानेही ती झालेली नाही.

हा आजार एकमेकांना लागत नाही. ताट-पेला वेगळा करायचं कारण नाही. भावा-बहिणींची लग्नं अडवायचंही कारण नाही. भाऊ-बहिणींचं रक्त तपासायला सांगितलं, तर बहुधा मगज जुळतो का हे बघायचं असतं, म्हणजे गरज पडली तर ते देऊ शकतील. त्यांच्यात दोष शोधायचा नसतो.

अगदी थोड्या घरांत रक्ताच्या कॅन्सरचा धोका पिढीत चालत येतो. तसा संशय आला तर डॉक्टर स्वतः सांगतात आणि त्याची तपासणी वेगळी असते. तिथेही दोष कुणाचाच नसतो.

मग परत परत तपासण्या का?

कारण नाव एकच असलं तरी आत कोणती शिलाई चुकली आहे, त्यावर औषध ठरतं. काही उदाहरणं बघा.

१५ आणि १७ नंबरची अदलाबदल. एएमएलच्या या प्रकाराला एपीएल म्हणतात. यात 'पीएमएल' आणि 'रारा' ही दोन जनुकं जोडली जातात. सुरुवातीच्या दिवसांत अचानक मोठा रक्तस्राव होतो, म्हणून एके काळी हा सगळ्यात भीतीदायक प्रकार होता. आज तो सगळ्यात चांगला बरा होणाऱ्यांपैकी आहे. औषध काय, तर 'अ' जीवनसत्त्वाच्या जातीची एक गोळी आणि आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल! चीनमधल्या डॉक्टरांनी हे उपचार पुढे आणले. सोमल दवाखान्यात, मोजून, शिरेतून आणि हृदयाची तपासणी करत देतात. हे वाचून कुणी वैदूकडून भस्म आणू नका, ते जिवावर बेतेल.

आता दुर्मिळ प्रकार बघा. थोड्या रुग्णांत तोच 'रारा' १५ ऐवजी ११ नंबरवरच्या दुसऱ्या जनुकाशी जोडलेला असतो. आजार वरून तसाच वाटू शकतो, पण ही औषधं त्याला नीट लागू पडत नाहीत. म्हणजे नुसतं बघून चालत नाही, जोडी कोणाशी जमली हे शोधावं लागतं.

१९ नंबरवरचं 'टीसीएफ३' जनुक. मुलांच्या एएलएलमध्ये हे १ नंबरवरच्या जनुकाशी जोडलं गेलं, तर आजच्या उपचारांनी निकाल चांगला येतो. पण तेच १७ नंबरवरच्या जनुकाशी जोडलं गेलं, तर आजार फार चिवट असतो. हा दुसरा प्रकार शंभर मुलांत एकापेक्षाही कमी वेळा दिसतो. पण ज्या घरात तो आहे त्या घरासाठी ते मूल शंभरातलं एक नसतं, ते त्यांचं मूल असतं. वेळेत कळलं तर डॉक्टर पहिल्यापासून वेगळी आखणी करतात.

११ नंबरवरचं 'केएमटी२ए' जनुक. वर्षाच्या आतल्या बाळांच्या एएलएलमध्ये दहापैकी सात-आठ जणांत हे फाटलेलं असतं. याच्या जोडीदारांची यादी ऐंशीच्या वर आहे. काही जोड्या नेहमी दिसतात, काही क्वचितच. यात जास्त कडक उपचार लागतात. २०२४ मध्ये अमेरिकेत खास या फेरजोडणीवर काम करणाऱ्या रेव्हुमेनिब नावाच्या औषधाला, आजार उलटलेल्या रुग्णांसाठी, मान्यता मिळाली. नेमकी शिलाई कळली की औषध शोधायला दिशा मिळते ती अशी.

९ आणि २२ नंबरची अदलाबदल. राउलीबाईंनी उलगडलेली ही जोडी एएलएलमध्येही सापडते. मोठ्या माणसांत साधारण चारपैकी एकात, मुलांत शंभरात तीन ते पाच जणांत. तेव्हा केमोसोबत इमॅटिनिबसारखी गोळी जोडतात. काही रुग्णांत ही जोडी सापडत नाही, पण तशाच वागणाऱ्या दुसऱ्या दुर्मिळ जोड्या असतात. त्यातल्या काहींना तीच गोळी उपयोगी पडते. पण जोडी शोधलीच नाही, तर गोळी कोण लिहून देणार?

कोणती तपासणी काय बघते?

सीबीसी आणि स्मिअर. बोटातलं किंवा हातातलं रक्त. पेशी मोजतात आणि काचेवर पसरून बघतात. संशय इथेच येतो.

बोन मॅरो. कमरेच्या मागच्या हाडातून, जागा बधिर करून थोडा मगज काढतात. दुखतं, पण याने पाय लुळे पडत नाहीत. मगज भरूनही येतो.

फ्लो सायटोमेट्री. पेशी कोणत्या जातीची आहे, एएलएल की एएमएल, हे एक-दोन दिवसांत कळू शकतं.

कॅरिओटायपिंग. पेशी प्रयोगशाळेत वाढवून ४६ गुणसूत्रं मांडून बघतात. म्हणजे कपाटातल्या सगळ्या वह्या लांबून बघणं. मोठी फाटाफाट दिसते, बारीक शिलाई दिसत नाही. पेशी वाढवाव्या लागतात म्हणून रिपोर्टला एक ते तीन आठवडे लागतात. मुलांच्या एएलएलमधली १२ आणि २१ नंबरची अदलाबदल यात जवळजवळ दिसतच नाही. खरं तर ती चांगली बातमी देणारी जोडी आहे, कारण तिचे रुग्ण उपचारांना छान साथ देतात.

फिश. नाव माशाचं, पण माशाशी संबंध नाही. एखाद्या जनुकाच्या दोन टोकांना लाल आणि हिरवा चमकणारा रंग लावतात. दोन्ही रंग जवळ दिसले तर पान शाबूत, लांब गेले तर पान फाटलेलं. म्हणजे 'केएमटी२ए' फाटलाय हे कळतं, पण कोणाशी जोडलाय हे त्यात कळत नाही.

आरटी-पीसीआर. कोरोनात हे नाव आपण ऐकलं. तंत्र तेच, शोध वेगळा. ठराविक चुकीचं वाक्य आहे का, ते हा शोधतो. फार थोड्या पेशींत असलं तरी पकडतो. पण जे वाक्य यादीत नाही ते तो शोधतच नाही. म्हणून दुर्मिळ जोडी असेल तर पीसीआर 'निगेटिव्ह' येऊ शकतो. निगेटिव्ह म्हणजे "त्या यादीतलं काही नाही" एवढंच.

आरएनए सिक्वेन्सिंग. पेशीत चालू असलेल्या सूचना अक्षर अक्षर वाचतात. कुणाच्या ध्यानीमनी नसलेली जोडीही यात सापडू शकते. खर्च जास्त, वेळ जास्त, आणि मोठ्या केंद्रांतच होते.

आता लक्षात आलं असेल, एक तपासणी दुसरीची नक्कल नसते. एक जिथे थांबते तिथून दुसरी पुढे जाते. उपचार सुरू झाल्यावर महिनाभराने पुन्हा मगज का काढतात, तेही याच पद्धतीचं आहे. हजारो चांगल्या पेशींत एखादी वाईट पेशी उरली का, हे बघून पुढचे उपचार वाढवायचे की तसेच ठेवायचे, ते ठरतं.

या चुका होऊ देऊ नका

निदानाआधी स्टेरॉइड नको. ताप आणि सांधेदुखीला काही ठिकाणी पटकन स्टेरॉइडची गोळी किंवा सुई देतात. एएलएलमध्ये त्याने काही दिवस बरं वाटतं, कारण वाईट पेशी तात्पुरत्या मरतात. मग नमुन्यात त्या सापडत नाहीत आणि निदान लांबतं. मुलाच्या अंगावर डाग असतील, मूल फिकं पडलं असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, "यात स्टेरॉइड आहे का? आधी सीबीसी करूया का?"

नमुना उपचाराआधी द्या. जनुकांच्या तपासण्यांसाठी मगज पहिल्याच वेळी नीट काढून ठेवला तर परत सुई टोचावी लागत नाही.

सगळे रिपोर्ट येईपर्यंत घरी बसू नका. डॉक्टर सुरुवात आधी करतात आणि रिपोर्ट आल्यावर औषध बदलतात. एपीएलचा नुसता संशय आला तरी गोळी त्याच दिवशी सुरू करतात. तिथे वाट बघणं परवडत नाही.

कागद जपा. प्रत्येक रिपोर्टची प्रत एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा. दवाखाना बदलताना मगजाच्या काचाही मागून घ्या.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत लिहून न्या:
१. एएलएल आहे की एएमएल?
२. जनुकांच्या कोणत्या तपासण्या पाठवल्या? कोणत्या राहिल्या?
३. रिपोर्ट कधी येईल आणि तो आल्यावर औषधात काय बदलू शकतं?
४. निगेटिव्ह आलं तर पुढची तपासणी लागेल का?
५. यातलं योजनेत काय बसतं, काय नाही?

संशय कधी घ्यायचा?

- आठवड्यापेक्षा जास्त ताप, औषध घेऊनही परत परत येतो
- लोहाच्या गोळ्या घेऊनही फिकेपणा वाढतोय
- मार न लागता काळे-निळे डाग, अंगावर लाल बारीक ठिपके
- हिरड्या, नाक यांतून रक्त, किंवा पाळीत अचानक खूप रक्त जाणं
- मूल हाडं दुखतात म्हणून रडतं, चालायला नको म्हणतं
- मानेत, काखेत गाठी, पोट फुगलेलं

यातलं एक लक्षण म्हणजे लगेच कॅन्सर नव्हे. ताप मलेरियाचा असतो, डेंग्यूचा असतो, फिकेपणा साध्या ॲनिमियाचा असतो. पण ताप, फिकेपणा आणि डाग तिन्ही एकत्र दिसले, तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात नेऊन सीबीसी करा. आशाताईंना सांगा. अंगणवाडी आणि शाळेत मुलं तपासायला येणाऱ्या पथकालाही दाखवा.

पैसा आणि प्रवास

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. चौकशीचा नंबर १५५३८८. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. आधी त्यांना भेटा, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. जनुकाची प्रत्येक तपासणी योजनेत असेलच असं धरू नका, आधी विचारा. मोठ्या दवाखान्यात समाजसेवा विभागही असतो. मदतीचे अर्ज कुठे करायचे ते तिथे सांगतात.

मुंबईत परळचं टाटा मेमोरियल आणि खारघरचं त्याचंच केंद्र, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय, ही नावं लिहून ठेवा. जवळच्या ठिकाणी तपासणी होत नसेल, तर नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवता येतो का, हे विचारा. दरवेळी रुग्णालाच पळवावं लागत नाही. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्याला रेल्वेत सवलत मिळते, त्यासाठी दवाखान्याचा दाखला लागतो. एसटीचं डेपोत विचारा.

गटाने काय करायचं?

पहिलं, घाईने दागिना मोडायला किंवा सावकाराकडे जायला लावू नका. आधी योजनेची चौकशी, मग गटातून प्रवास आणि राहण्यापुरतं कर्ज.

दुसरं, उपचार लांबतात हे घरच्यांना आधीच सांगा. मुलांच्या एएलएलचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. चार महिन्यांत मूल खेळायला लागतं, केस परत येतात, आणि घरचे म्हणतात, "बरं झालं, आता कशाला जायचं?" तिथेच घात होतो. मुलगी असेल तर हे लवकर घडतं, आपल्याला माहीत आहे. प्रत्येक तारखेला कोण सोबत जाणार, मागे गुरं-ढोरं आणि धाकटी पोरं कोण बघणार, हे गटाने वाटून घ्यावं.

तिसरं, आणि याला एक रुपयाही लागत नाही. गावात कुणी म्हणालं की "आईकडूनच आलंय", तर गप्प बसू नका. ४६ वह्यांची गोष्ट सांगा. शिलाई चुकली ती एका पेशीत, आईच्या हातून नाही, हे सासूला सांगा, नवऱ्याला सांगा, आणि सगळ्यात आधी त्या आईला सांगा. दोन-तीन वर्षं त्या पोराला घेऊन दवाखान्यात तीच जाणार आहे. तिच्या डोक्यावरचं हे ओझं आपण उतरवलं तर तिला चालायला बळ येईल.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत वरचे पाच प्रश्न आणि लक्षणांची यादी फलकावर लावा. शंका लिहून पाठवा. डॉक्टरांना विचारून उत्तरं पुढच्या अंकात देऊ.

तुमची,
क्षेत्र समन्वयक